ग्रंथालयें : कपाटांतलीं आणि संगणकांतलीं

धायरी हें पुण्याच्या नैऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवर वसलेलें गांव. धारेश्वराचें देऊळ, जुनी गांववस्ती आणि पलीकडे शेतें, असें त्याचें रूप पाहिलेलीं माणसें आजही गांवांत आहेत. आतां शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत, आणि २०१७ सालीं जीं ११ गांवें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं, त्यांत उरल्यासुरल्या धायरीचाही समावेश झाला. या इमारतींतून राहणारीं अनेक कुटुंबें संगणकाच्या धंद्यावर पोट भरतात. सकाळीं फाट्यावर उभें राहिलें कीं पाठीवर पिशवी अडकवून निघालेली ही तरुण मंडळी सहज ओळखूं येते.

अशाच एका इमारतींत मी राहतें. आमच्या जिन्याखालीं एक लोखंडी कपाट आहे. वाचून झालेलीं पुस्तकें रहिवाशांनीं त्यांत ठेवावीं, ज्याला जें हवें तें त्यानें न्यावें, आणि वाचून झाल्यावर परत आणून ठेवावें, एवढाच त्याचा नियम. कुलूप नाहीं, वही नाहीं, वर्गणी नाहीं. पहिल्या वर्षीं कपाट गच्च भरलें होतें. हळूहळू पुस्तकें जाऊं लागलीं, परत येण्याचें प्रमाण घटलें, आणि यंदा अर्धें कपाट रिकामें झालें. तेव्हां सोसायटीच्या सभेंत एका गृहस्थांनीं सुचविलें कीं, कपाट काढून टाकावें व तेथें घरोघरच्या पार्सलांसाठीं मांडणी करावी. त्यांचें म्हणणें अगदींच गैरवाजवी होतें असें नाहीं. पार्सलें वाटेंत पडतात, पायदळीं येतात. पुस्तकें मात्र कोणी मागत नाहीं. निर्णय पुढील महिन्यावर गेला आणि मी खिन्न मनानें घरीं आलें.

हिंजवडीस नोकरी करणारा माझा भाचा आमच्याकडेच राहतो. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हां तो हंसून म्हणाला, "मावशी, आमचा सबंध धंदा अशाच एका बिनकुलपाच्या कपाटावर चालतो. आणि त्याला आम्हीही लायब्ररीच म्हणतों." मला वाटलें, पोरगा थट्टा करतो आहे. पण ती थट्टा नव्हती. त्या रात्रीं त्याच्याशीं झालेलें बोलणें, आणि त्यानंतर मीं स्वतः वाचून व विचारून जें समजून घेतलें, तेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम आपल्या ओळखीच्या ग्रंथालयापासूनच आरंभ करूं. पुस्तकांचा ढीग म्हणजे ग्रंथालय नव्हे; तसा ढीग रद्दीवाल्याच्या दुकानांतही असतो. ग्रंथालयाला तीन गोष्टी लागतात. एक निवडलेला संग्रह. दुसरी त्या संग्रहाची सूचि, म्हणजे हवें तें पुस्तक हवें तेव्हां सांपडण्याची सोय. आणि तिसरी देवघेव, म्हणजे एकानें घेतलेलें पुस्तक दुसऱ्याच्याही उपयोगीं पडावें अशी व्यवस्था. चौथी एक गोष्ट आहे, पण ती बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तिच्याकडे मी शेवटीं वळणार आहें.

महाराष्ट्रांत या संस्थेचें बीज बरेंच जुनें आहे. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ मधलें, नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० मधलें. पुण्यांत १८४८ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकारानें 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली. तीच आज लक्ष्मी रस्त्यावर पुणें नगर वाचन मंदिर म्हणून उभी आहे. या आरंभींच्या वाचनालयांतून इंग्रजी ग्रंथांचा भरणा मोठा असे, आणि वर्गणी देऊं शकणारा शिकलेला वर्गच तेथें जाई. मराठी ग्रंथांचा संग्रह हेंच ज्यांचें मुख्य ध्येय, अशा संस्था पुढें निघाल्या. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकीं एक. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चें.

परंतु वर्गणीदारांचें वाचनालय आणि सर्वांचें ग्रंथालय यांत मोठें अंतर आहे. तें अंतर तोडण्याचा धाडसी प्रयत्न बडोद्यास झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतलें आणि संस्थानभर ग्रंथालयांचें जाळें विणलें. लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून त्या गांवोगांव पाठविल्या जात. एका गांवचें वाचन संपलें कीं पेटी पुढें जाई. ग्रंथालयांचा कायदा हिंदुस्थानांत पहिल्यानें झाला तो मराठी मुलुखांतच, कोल्हापूर संस्थानांत, १९४५ सालीं. मद्रासचा कायदा १९४८ चा, आणि महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. मद्रासच्या कायद्यानें ग्रंथालयांसाठीं वेगळी करपट्टी बसविली. महाराष्ट्रानें तसें केलें नाहीं. येथें लोकांनीं चालविलेल्या संस्थेस सरकार वर्गवारीप्रमाणें अनुदान देतें. त्यामुळें आपलीं ग्रंथालयें बव्हंशीं लोकांच्या हौसेवर आणि चिकाटीवर उभीं आहेत. हा मुद्दा लक्षांत असूं द्यावा; पुढें तो पुन्हां उपयोगीं पडेल.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्या देशांतील आद्य आचार्य रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं या शास्त्राचीं पांच सूत्रें सांगितलीं. त्यांचा इत्यर्थ असा कीं, ग्रंथ जपून ठेवण्यासाठीं नसून वापरासाठीं असतात. वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वांचला पाहिजे. आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी, सजीव अशी वस्तु आहे. भाच्याला हीं सूत्रें ऐकविलीं तेव्हां तो चकित झाला. तो म्हणाला, "मावशी, यांतला ग्रंथ हा शब्द काढून कोड हा शब्द घाल, म्हणजे आमच्या धंद्याचेंही शास्त्र झालें."

आतां त्याची लायब्ररी म्हणजे काय तें पाहूं. संगणक हें यंत्र स्वतः कांहींच जाणत नाहीं. त्याला प्रत्येक काम बारीक बारीक आज्ञा देऊन शिकवावें लागतें. अशा आज्ञांच्या लिखाणाला कोड म्हणतात. पण प्रत्येकानें प्रत्येक वेळीं सर्वच आज्ञा नव्यानें लिहावयाच्या म्हटलें, तर आयुष्य पुरणार नाहीं.

आपल्या स्वयंपाकघरांतलें उदाहरण घेऊं. आमटीची कृति कोणी लिहून दिली तर तींत 'चमचाभर गोडा मसाला घालावा' एवढेंच वाक्य असतें. धने किती, तीळ किती, दगडफूल कसें भाजावें, खोबरें किती, हें सारें तेथें लिहीत नाहींत. मसाला कोणीतरी आधीं करून बरणींत भरून ठेवलेला आहे असें गृहीत धरून आपण पुढें जातों. तोच मसाला आमटींत पडतो, भरल्या वांग्यांत पडतो, मसालेभातांत पडतो. एकदां नीट केलेलें काम अनेक पदार्थांत पुन्हां पुन्हां वापरलें जातें. सॉफ्टवेअरमधील लायब्ररी म्हणजे अशा भरून ठेवलेल्या बरण्यांची मांडणी होय. तारखेवरून वार काढणें, नांवें अकारविल्हे लावणें, चित्र लहान करणें, मजकूर गुप्त लिपींत पाठविणें, अशा एकेका कामाच्या आज्ञा कोणीतरी एकदां नीट लिहून, तपासून, नांव देऊन ठेवतो. इतरांनीं त्या नांवानें हांक मारावयाची, कीं तें काम होऊन मिळतें.

हें नांव केवळ अलंकारिक आहे असें समजूं नये. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठांत एड्सॅक नांवाचा संगणक १९४९ च्या मे महिन्यांत चालूं झाला. मॉरिस विल्क्स हे त्याचे प्रमुख. डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ले गिल हे त्यांचे तरुण सहकारी. त्या काळीं आज्ञा कागदाच्या लांब फितींवर भोंकें पाडून लिहीत असत. पुन्हां पुन्हां लागणाऱ्या कामांच्या फिती या मंडळींनीं तयार केल्या, त्यांची सूचि केली, आणि त्या एका पोलादी कपाटांत नीट लावून ठेवल्या. ज्याला गरज असेल त्यानें फीत काढावी, यंत्राच्या साह्यानें तिची नक्कल आपल्या फितींत उतरून घ्यावी, आणि मूळ फीत पुन्हां जागेवर ठेवावी. म्हणजे संगणकाची पहिली लायब्ररी ही खरोखरीच एक कपाट होतें! पुढें १९५१ सालीं या तिघांनीं आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहून ती जगापुढें मांडली. त्याच सुमारास अमेरिकेंत ग्रेस हॉपर या विदुषीनें अशा आज्ञासंचांना क्रमांक दिले आणि नुसता क्रमांक सांगितला असतां संगणकानेंच तो संच शोधून जोडून घ्यावा, अशी योजना १९५२ च्या आसपास सिद्ध केली. ग्रंथपाल जसा पुस्तकाच्या पाठीवरील क्रमांकावरून तें काढून देतो, तसाच हा प्रकार.

आज हें कपाट सबंध पृथ्वीवर पसरलें आहे. लाखों आज्ञासंच महाजालावर मोकळे ठेवलेले आहेत. त्यांतील बहुतेक फुकट मिळतात, आणि केंब्रिजच्या फितीप्रमाणें तेही नेल्यानें जागेवरून हलत नाहींत. दोन प्रकारच्या ग्रंथालयांतील पहिला मोठा फरक हाच. मीं वाचनालयांतून एखादी कादंबरी घरीं आणली तर ती मी परत करीपर्यंत दुसऱ्या वाचकाला ताटकळावें लागतें. कोड नेला तर मूळ प्रत तेथेंच राहते. एकाच क्षणीं लाखों लोक ती नेऊं शकतात. येथें कोणी वंचित होत नाहीं, कोणाला दंड भरावा लागत नाहीं.

मग जें नक्कल केल्यानें कमी होत नाहीं, तें कांहीं ठिकाणीं मुद्दाम कमी केलें जातें याचें नवल वाटतें. ई-पुस्तकांचें उदाहरण घ्या. ई-पुस्तक झिजत नाहीं, त्याचीं पानें निसटत नाहींत. तरी २०११ सालीं हार्पर कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनें ग्रंथालयांना अशी अट घातली कीं, त्यांनीं विकत घेतलेलें ई-पुस्तक २६ वेळां वाचकांना दिलें गेलें कीं त्याची मुदत संपली; पुन्हां हवें असल्यास पुन्हां पैसे भरावे. प्रकाशकांनींही पोट भरलें पाहिजे, लेखकाला मानधन मिळालें पाहिजे, हें मला मान्य आहे. परंतु कागद फाटतो म्हणून जी मर्यादा निसर्गतः येत होती, ती न फाटणाऱ्या वस्तूवर नियमानें लादली गेली, हें विसरतां येत नाहीं. उलटपक्षीं, आपला मराठी विश्वकोश आज कोणालाही घरबसल्या फुकट वाचतां येतो. आणि खरगपूरच्या आय्. आय्. टी. नें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ सालीं राष्ट्राला अर्पण झालें आहे. एकच तंत्र दार उघडूं शकतें आणि लावूंही शकतें.

कोडच्या कपाटालाही अटी असतात. दुसऱ्याचा कोड उचलून आपल्या नांवावर खपवितां येत नाहीं. कांहीं लेखक एवढेंच म्हणतात कीं, वापरा, बदला, विका, फक्त आमचें नांव पुसूं नका. कांहींचें म्हणणें याहून कडक आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं जो परवाना तयार केला, त्याचें तत्त्व असें कीं, मला जें मोकळेपणानें मिळालें तें मीं सुधारून पुढें दिलें, तर तेंही त्याच मोकळेपणानें दिलें पाहिजे. विहिरीवर नवी पायरी बांधणाऱ्यानें विहिरीला कुंपण घालूं नये, असाच हा दंडक आहे. याच परवान्याचा एक सौम्य प्रकार १९९१ सालीं निघाला तो खास लायब्ररींसाठीं. आणि त्याच्या नांवांतही प्रथम लायब्ररी हाच शब्द होता.

हें सारें परदेशचें, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. तर आतां अगदीं आपल्या भाषेंतली गोष्ट सांगतें. 'आचार्यांना दक्षिणा द्यावी' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा द्यावी' हीं दोन वाक्यें पाहा. पहिल्यांत दक्षिणा गुरुजींना मिळते, दुसऱ्यांत स्वयंपाक्यांना! फरक एवढाच कीं, एके ठिकाणीं र हा रफार होऊन अक्षराच्या डोक्यावर बसतो, तर दुसरे ठिकाणीं तो अक्षराच्या पुढें आडवा चंद्रकोरीसारखा होतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेदही तसाच. छापखान्यांत जुळाऱ्याच्या हाताला हें कळत असे. संगणकाला मात्र शिकवावें लागलें. जगांतील सर्व लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड ही जी व्यवस्था आहे, तींत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. परंतु नुसत्या क्रमांकांनीं काम भागत नाहीं. वेलांटी उच्चारांत मागून येते पण लिहितांना आधीं काढावयाची, जोडाक्षरांत अर्धें अक्षर कसें बसवावयाचें, रफार कोणाच्या डोक्यावर न्यावयाचा, हें सर्व ठरविणारा एक आज्ञासंच लागतो.

अशा संचांपैकीं अतिशय प्रसिद्ध असा जो एक, त्याचें नांव हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइडचे फोन, लिबरऑफिस, या सर्वांच्या पोटांत तो आहे. इराणांत जन्मलेले बेहदाद एस्फाहबोद हे त्याचे प्रमुख कर्ते. आणि नांव फारसी आहे. त्यांतला हर्फ म्हणजे अक्षर; आपण मराठींत 'तोंडांतून एक हरफही काढला नाहीं' म्हणतों, तोच हा शब्द. पुढचा बाझ म्हणजे उघडें, मोकळें. धायरींतली एखादी आजी परदेशांतल्या नातीला फोनवर मराठींत चार ओळी पाठविते, तेव्हां त्या ओळींतील वेलांट्या व रफार बहुधा या मोकळ्या अक्षरांच्या भांडारामुळें जागच्या जागीं बसतात. त्या आजीनें त्याची वर्गणी भरलेली नाहीं, त्याचें नांवही ऐकलेलें नाहीं. सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना याहून अधिक पूर्णत्वास कोठें गेली असेल असें मला वाटत नाहीं.

येथवर सर्व गोड गोड झालें. पण गोड्या मसाल्याच्या उदाहरणांतच एक धोका दडलेला आहे. एकाच घरचा मसाला सगळी आळी वापरीत असेल, आणि त्यांत चुकून खडा गेला, तर सगळ्या आळीची आमटी दांताखालीं कचकचते. तसे प्रसंग घडले आहेत. त्यांतले तीन सांगतें.

पहिला २०१६ च्या मार्चमधला. आंकड्याच्या वा शब्दाच्या डावीकडे ठरल्याप्रमाणें शून्यें किंवा मोकळ्या जागा भरावयाच्या, म्हणजे ७ चे ००७ करावयाचे, एवढेंच काम करणारा लेफ्ट-पॅड नांवाचा एक आज्ञासंच होता. त्याच्या ओळी अवघ्या ११. एका दुसऱ्याच संचाच्या नांवावरून वाद झाला, आणि रागावलेल्या कर्त्यानें आपले सर्व, म्हणजे अडीचशेंहून अधिक, संच त्या सामाईक भांडारांतून काढून घेतले. त्यांत हाही गेला. त्याबरोबर जगभर ठिकठिकाणच्या मोठमोठ्या कंपन्यांचीं कामें अडलीं. कारण त्यांच्या संचांत दुसरे संच, त्यांत तिसरे, आणि तळाशीं कोठेंतरी या ११ ओळी होत्या. कांहीं तासांतच भांडाराच्या चालकांनीं तो संच पुन्हां जागेवर ठेवला. परंतु आपण कशावर उभे आहोंत हें अनेकांना त्या दिवशीं प्रथमच कळलें.

दुसरा प्रसंग २०१४ च्या एप्रिलमधला. बँकेचा व्यवहार करतांना पडद्यावर कुलुपाची खूण दिसते. त्या गुप्ततेचें काम जगांतील पुष्कळ ठिकाणीं ओपनएस्एस्एल् नांवाची लायब्ररी करते. तींत दोन वर्षें एक चूक राहून गेली होती; तिच्यामुळें दुरून कोणीही संगणकाच्या स्मरणांतील गुप्त मजकूर वाचूं शकला असता. चौकशीअंतीं बाहेर आलें तें अधिक लाजिरवाणें होतें. अब्जावधि रुपयांची उलाढाल ज्या लायब्ररीच्या भरंवशावर चालत होती, तिच्या कामाला पूर्ण वेळ वाहून घेतलेला मनुष्य अवघा एक होता, आणि तिला वर्षाकाठीं मिळणाऱ्या देणग्या सुमारें २ हजार डॉलर्स! त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीं एकत्र येऊन निधि उभारला.

तिसरा प्रसंग २०२४ चा, आणि तो मला सर्वांत चटका लावून गेला. फायली दाबून लहान करणारी एक्सझेड नांवाची लायब्ररी एक गृहस्थ अनेक वर्षें फावल्या वेळांत, विनावेतन, जवळजवळ एकट्यानें सांभाळीत होते. ते थकले होते. तशांत कामाला उशीर होतो म्हणून अनोळखी लोक त्यांना टोचून बोलत होते. अशा वेळीं एक अनोळखी सहायक पुढें आला, दोनएक वर्षें निमूटपणें मदत करून त्यानें विश्वास संपादन केला, हातीं किल्ल्या आल्या, आणि मग त्यानें त्या संचांत एक चोरदरवाजा बसविला. ती लबाडी उघडकीस आली ती केवळ एका दक्ष अभियंत्यामुळें. आंद्रेस फ्रॉइंड यांना दिसलें कीं, दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना नेहमींपेक्षां अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. असें कां, हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं, आणि मार्च २०२४ च्या अखेरीस सारें कारस्थान जगापुढें आलें.

या तिन्ही कथांत कच्चा दुवा कोणता? यंत्र नव्हे, आज्ञाही नव्हेत. आरंभीं मीं जी चौथी गोष्ट राखून ठेविली होती, ती हीच. संग्रह, सूचि आणि देवघेव यांना सांभाळणारा मनुष्य. ग्रंथालयांत त्याला ग्रंथपाल म्हणतात. महाराष्ट्रांत अनुदान घेणारीं सार्वजनिक ग्रंथालयें अकरा-बारा हजारांच्या घरांत आहेत. त्यांतील लहान गांवच्या ग्रंथपालास महिन्याकाठीं जें मिळतें त्याला वेतन म्हणण्यास जीभ धजत नाहीं. तरी तो सकाळसंध्याकाळ दार उघडतो, फाटलेलें पान चिकटवितो, कोणत्या मुलाला कोणतें पुस्तक द्यावें हें मनांत ठेवतो. आपण त्याच्याकडून पुस्तक नेतों आणि त्याला नांवानें ओळखत नाहीं. तिकडे तो एक्सझेडवाला गृहस्थ आणि इकडे हा ग्रंथपाल यांची जात एकच. फुकट मिळणारी वस्तु फुकट होत नसते. तिचें मोल कोणीतरी दुसराच भरीत असतो.

या दोन्ही ग्रंथालयांची गांठ एका ठिकाणीं फार सुंदर पडली आहे. न्यूझीलंडांत होरोव्हेनुआ नांवाचा एक ग्रामीण भाग आहे. तेथील ग्रंथालयाचा जुना संगणक-कार्यक्रम २००० साल उजाडतांच बंद पडणार होता. नवा विकत घेण्याइतका पैसा त्या लहानशा संस्थेजवळ नव्हता. तिनें १९९९ सालीं एका स्थानिक मंडळीकडून आपल्यापुरता नवा कार्यक्रम लिहवून घेतला आणि जानेवारी २००० मध्यें तो चालूं केला. एवढ्यावर न थांबतां त्यांनीं तो सर्वांसाठीं मोकळा सोडला. त्याचें नांव कोहा. माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट. पण आपल्याकडील आहेरासारखी, घेणाऱ्यानें वेळ आल्यावर परत करावयाची भेट. आज देशोदेशींचीं ग्रंथालयें कोहा वापरतात. आपल्या देशांतील कितीतरी महाविद्यालयांचीं व विद्यापीठांचीं ग्रंथालयेंही त्यांत आहेत. ठिकठिकाणच्या लोकांनीं त्यांत भर घातली, चुका दुरुस्त केल्या, त्याचीं भाषांतरें केलीं. पुस्तकें उसनीं देणाऱ्या संस्थेनें जगाला कोड उसना दिला, आणि तो व्याजासह परत आला!

परत देणें, हाच सर्व देवघेवीचा कणा आहे. परत देण्याचे प्रकार मात्र निरनिराळे. वाचनालयाचें पुस्तक वेळेवर परत करावें, वर्गणी थकवूं नये, आणि मुलांना बरोबर घेऊन जावें. ज्यांच्या घरीं संगणकाचा धंदा आहे त्यांनीं आपल्या मंडळींना एवढेंच विचारावें कीं, तुम्ही रोज कोणाचा मसाला वापरतां? त्याला कधीं चूक कळविलीत का? दुरुस्ती करून पाठविलीत का? तुमच्या कंपनीनें त्याला कधीं चार पैसे दिले का? हा प्रश्न मीं भाच्याला विचारला. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "कंपनीचें सांगतां येत नाहीं, मावशी. पण एक चूक मला गेल्या वर्षापासून माहीत आहे. कळवायची राहून गेली." त्याच आठवड्यांत त्यानें ती दुरुस्त करून पाठविली, आणि ती स्वीकारल्याचें उत्तर आलें तेव्हां बक्षीस मिळाल्यासारखा आनंद त्याला झाला.

पुढच्या सभेंत कपाटाचा प्रश्न पुन्हां निघाला. मीं एवढेंच सांगितलें कीं, कपाट रिकामें झालें याचें कारण वाचक नाहींत हें नसून रखवालदार नाहीं हें आहे. तेव्हां एक वही ठेवावी, आणि प्रत्येक महिन्यास एका घरानें कपाटाची जबाबदारी घ्यावी. पार्सलांची मांडणी पहारेकऱ्याच्या खोलीलगत करावी. त्या गृहस्थांनींही हें मानलें. पहिला महिना भाच्यानें स्वतःकडे घेतला. मग बाहेर राहिलेलीं पुस्तकें परत करण्याविषयीं फळ्यावर सूचना लागली, आणि घरोघर शोध सुरू झाला.

पहिल्या आठवड्यांत तीन पुस्तकें परत आलीं. त्यांतलें एक आमच्याच घरांत, माझ्या उशाशीं, दोन वर्षें पडून होतें. तें मीं नेल्याचें मला आठवतही नव्हतें. भाच्यानें तें हातीं घेतलें, वहींत नोंदलें, आणि एक शब्दही न बोलतां माझ्यापुढें सहीसाठीं वही धरली.